तुवरी कीं तूर? सौराष्ट्री मृत्तिका, स्फटिका व तुरटी यांचा नामनिर्णय

ज्या चुकीच्या दुरुस्तीसाठीं हा लेख लिहिला आहे ती चूक दुसऱ्या कोणाची नसून प्रस्तुत लेखकाचीच आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, एका परिचित गृहस्थांनीं आपल्या घरचें एक वैद्यक बाड मजकडे वाचावयास आणून दिलें. बाड कांहीं मोडींत व कांहीं बाळबोधींत लिहिलेलें, कडा कसरीनें खाल्लेल्या, आरंभ व शेवट दोन्हीं गहाळ. त्यांत तोंडावरील पुटकुळ्या व वाहते व्रण यांवर एक लेप सांगितला होता, आणि त्या लेपांतील मुख्य द्रव्य 'तुवरी' हें होतें. मीं बाडाची स्वच्छ नक्कल करून दिली व समासांत 'तुवरी, म्हणजे तूरडाळ' अशी टीप घातली. टीपेस आधार नव्हता असें नाहीं. आढकी व तुवरी हीं दोन्हीं तुरीचीं प्रसिद्ध संस्कृत नांवें आहेत, हें कोणताहि कोश उघडणारास ठाऊक असतें.

पुढें ती नक्कल एका संग्रहांत गेली, तिच्यावरून दुसरी नक्कल झाली, आणि दुसऱ्या नकलेंत माझी टीप समास सोडून मूळ मजकुरांत येऊन बसली. आज ती नक्कल वाचणारास 'तुवरी म्हणजे तूरडाळ' हे शब्द मूळ कर्त्याचेच वाटतील. मूळ कृतींत तर तुवरी तव्यावर फुलवून, वस्त्रगाळ करून पाण्यांत विरघळवावी असें स्पष्ट होतें. जुनीं टिपणें चाळतांना ही कृति मीं घरांत मोठ्यानें वाचली, तेव्हां माझ्या वडील बहिणीनें एवढेंच विचारलें, "अरे, तूरडाळ कधीं पाण्यांत विरघळते का?" कोशांत जें तीस वर्षें मला दिसलें नाहीं तें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या माणसास एका क्षणांत दिसलें. त्या प्रश्नानंतर मीं पुन्हा कोश व रसग्रंथ उघडले. त्यांतून जें निष्पन्न झालें तें संग्राहक व संशोधक यांच्यापुढें मांडीत आहें.

सिद्धान्त थोडक्यांत असा: वैद्यक व रसविषयक ग्रंथांत तुवरी, सौराष्ट्री, कांक्षी हीं नांवें जेथें खनिज द्रव्यासाठीं आलीं आहेत, तेथें तीं मुळांत तुरटी ज्या मातींतून निघते त्या मातीचीं आहेत. स्फटिका, स्फटी, फटकी हीं त्या मातींतून काढलेल्या खड्याचीं. व्यवहारांत दोन्हींचें काम एकच असल्यामुळें नांवें एकमेकांत मिसळलीं, आणि आपल्या 'तुरटी' शब्दांत तीं कायमचीं एक झालीं.

(१) नांवांची व्युत्पत्ति

'तुवर' हा शब्द प्रथम रसवाचक, म्हणजे चवीचा आहे. अमरसिंहानें आपल्या कोशाच्या पहिल्या कांडांत, धीवर्गांत, षड्रसांचीं नांवें देतांना कषाय रसाचा पर्याय म्हणून 'तुवर' दिला आहे. गुजराथींत याच चवीस 'तूरुं' म्हणतात. मराठींत 'तुरट' म्हणतात. तुवर या शब्दांतील वकार जाऊन व पुढें टकारयुक्त प्रत्यय लागून तुरट हें रूप सिद्ध झालें, आणि जी तुरट ती तुरटी. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत तुरट व तुरटी हे दोन्हीं शब्द आहेत. तेव्हां आपल्या शब्दांत द्रव्याचें रूप नसून द्रव्याची चव सांगितलेली आहे.

दुसरी नामपरंपरा रूपावरून आलेली आहे. स्फटिकासारखी स्वच्छ दिसते म्हणून स्फटिका. तिचेंच प्राकृत वळण घेतलेलीं रूपें गुजराथी 'फटकडी' व हिंदी 'फिटकरी'. म्हणजे शेजारच्या दोन भाषांनीं डोळ्यांचा पुरावा घेतला आणि मराठीनें जिभेचा घेतला.

जिभेचा पुरावा घेणारी मराठी एकटी नाहीं. प्राचीन ग्रीक लोक या द्रव्यास 'स्टिप्टीरिया' म्हणत. हा शब्द 'आवळणें, आकुंचित करणें' या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे, आणि तुरट वस्तु जिभेवर व कंठांत जें करते त्याचेंच तें वर्णन आहे. दोन दूरच्या लोकांनीं एकाच वस्तूस एकाच गुणावरून नांव द्यावें, यावरून तो गुण या वस्तूचा किती ठळक आहे तें दिसतें. नामनिर्णय करतांना हा गुण पहिली कसोटी म्हणून हातीं धरला पाहिजे.

येथें एक शंका येईल. तूर या धान्यास तुवरी हें नांव कां मिळालें? तुरीच्या डाळीचा रस वैद्यकांत कषायच मानिला आहे, त्यामुळें तुवर या चवीवरूनच तेंहि नांव पडलें असावें. तसें असल्यास धान्य व माती यांचें नांव एक होणें हा योगायोग नव्हे. एका विशेषणाचीं तीं दोन अपत्यें होत. म्हणूनच केवळ शब्दावरून निर्णय होत नाहीं. संदर्भ पाहावा लागतो.

(२) अमरकोशांतील स्थान व त्यापासून झालेला घोटाळा

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडांत, वनौषधिवर्गांत, आढकी, काक्षी, मृत्स्ना, तुवरिका, मृत्तालक व सुराष्ट्रज हीं नांवें एकत्र आलीं आहेत. वर्ग वनस्पतींचा, आणि पहिलेंच नांव आढकी. तेव्हां येथें तूर सांगितली आहे असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. मीहि तेंच समजलों होतों.

परंतु नांवांकडे नीट पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. 'मृत्स्ना' म्हणजे चांगली माती. 'मृत्तालक' या शब्दांतहि 'मृत्' आहे. 'सुराष्ट्रज' म्हणजे सुराष्ट्रांत उत्पन्न झालेलें. तूर ही कांहीं केवळ सुराष्ट्रांत पिकत नाहीं, आणि तिला माती कोणी म्हणणार नाहीं. वनस्पतिवर्गांत माती कशी आली, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर त्याच श्लोकांत मिळतें. या नांवांच्या अगदीं लगत अलीकडे 'नख' या द्रव्याचे पर्याय आहेत; त्यांत शुक्ति व शंख हे शब्द आले आहेत. नख ही वनस्पति नव्हे. तें समुद्रांतील शंखवर्गीय प्राण्याच्या मुखावरील झांकण असून धूप व उटणीं यांत तें वापरीत. अर्थात् वनौषधिवर्गाच्या या भागांत अमरसिंहानें गंध व लेप यांचीं द्रव्यें, मग तीं झाडाचीं असोत, प्राण्याचीं असोत वा मातीचीं असोत, एकत्र मांडलीं आहेत. गांधी आपल्या दुकानांत तीं ज्या क्रमानें ठेवील त्याच क्रमानें तीं येथें आहेत.

या शेजारामुळें दुसराहि एक घोटाळा झाला. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ सालच्या संस्कृत-इंग्रजी कोशांत आढकी शब्दाचा अर्थ तूर, व दुसरा अर्थ 'एक प्रकारची सुगंधी माती' असा दिला आहे. तुरटीस वास मुळींच नाहीं. माझ्या मतें हा 'सुगंधी' शब्द द्रव्याच्या परीक्षेवरून आलेला नसून कोशांतील शेजारावरून आलेला आहे. गंधद्रव्यांत गणना झाली म्हणून माती सुगंधी ठरली. परंतु उटण्यांत पडणारें प्रत्येक द्रव्य वासासाठींच पडतें असें नाहीं. कांहीं द्रव्यें कांतीसाठीं, कांहीं घाम आवरण्यासाठीं व कांहीं व्रण सुकविण्यासाठीं पडतात. तुवरी या शेवटच्या दोन प्रकारांतील आहे.

(३) रसग्रंथांचा पुरावा

खरा निर्णय रसग्रंथांत होतो, कारण तेथें द्रव्याचें नुसतें नांव नसून त्याचें वर्णन व कार्य सांगितलेलें असतें. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० सालीं छापलेल्या रसरत्नसमुच्चयाच्या तिसऱ्या अध्यायांत आठ उपरस गणले आहेत: गंधक, गैरिक, कासीस, कांक्षी, हरताळ, मनःशिळा, अंजन व कंकुष्ठ. यांपैकीं कांक्षी म्हणजेच तुवरी, असें पुढील वर्णनावरून ठरतें. धान्याचा येथें संबंधच पोंचत नाहीं. सर्व मंडळी खाणींतील आहे.

या ग्रंथांत तुवरीविषयीं मुख्य गोष्टी चार सांगितल्या आहेत. एक, ती सौराष्ट्रांतील दगडांत उत्पन्न होणारी माती आहे. दोन, ती वस्त्रांस लावतात व ती मंजिष्ठेचा रंग बांधून ठेवते. तीन, तिचे दोन भेद आहेत: फटकी व फुल्लिका, पहिली किंचित् पिवळी, जड व स्निग्ध, आणि दुसरी पांढरी, हलकी व आंबट. चार, ती कषाय असून व्रण, कुष्ठ व श्वित्र यांचा नाश करते आणि केस, कंठ व नेत्र यांस हितकर आहे.

यांतील प्रत्येक लक्षण तुरटीस लागू पडतें. मंजिष्ठेचा लाल रंग सुती कापडावर तुरटीवांचून टिकत नाहीं, हें कोणीहि रंगारी सांगेल. 'आंबट' हें विशेषण तर फारच महत्त्वाचें आहे. तुरटीचें पाणी आम्लधर्मी असतें व जिभेवर ती प्रथम किंचित् गोडसर-आंबट व मग तुरट लागते. साध्या मातीस आंबट कोणी म्हणणार नाहीं. 'फुल्लिका' या नांवाविषयीं दोन कल्पना संभवतात. तुरटी तापविली असतां ती प्रथम वितळते, मग उकळून लाहीसारखी फुलते व हलकी पांढरी होते. ती ही फुल्लिका असावी. अथवा तुरटीयुक्त दगडावर हवेच्या योगानें जें पांढरें फूल येतें तें हें असावें. दोन्हीं पक्षीं वर्णन जुळतें. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो, कारण ग्रंथकार येथें द्रव्याचे उपजत भेद सांगत आहे, संस्कार सांगत नाहीं.

एक अडचण मात्र लपवून ठेवणें योग्य नव्हे. फुल्लतुवरीच्या लेपानें लोखंडावर तांब्याचा परिणाम होतो अशा आशयाचें वचन त्याच ठिकाणीं आहे. निव्वळ तुरटीनें असें होत नाहीं, मोरचुदानें होतें. परंतु ज्या गंधकयुक्त दगडांतून तुरटी निघते त्यांत लोखंडाचें कासीस नेहमीं, व क्वचित् तांब्याचा अंशहि, असतो. न शोधलेल्या मातीचें द्रव्य असेंच मिश्र असणार. तेव्हां हें वचन प्रस्तुत सिद्धान्ताच्या विरुद्ध न जातां उलट हेंच दाखवितें कीं तुवरी ही शुद्ध खडा नसून मिश्र माती होती.

आतां सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशाकडे वळूं. त्यानें स्फटी व स्फटिका यांचे पर्याय एका ठिकाणीं दिले आहेत. त्यांत श्वेता व शुभ्रा यांच्याबरोबर रंगदा, दृढरंगा अशीं नांवें आहेत. सौराष्ट्री, तुवरी, काक्षी, मृत्स्ना इत्यादि पर्याय त्यानें निराळे दिले आहेत, आणि तेथें म्हटलें आहे कीं स्फटिकेचे जे गुण तेच सर्व सौराष्ट्रीचे होत. या एका विधानांत सर्व वाद मिटतो. वस्तु एकच असती तर दोन वेळां सांगण्याचें कारण नव्हतें. वस्तु अगदीं भिन्न असत्या तर गुण एक असण्याचें कारण नव्हतें. एक माती आणि दुसरा तिच्यांतून काढलेला खडा, असें मानल्यासच दोन नांवें व एक गुणसमुच्चय यांची संगति लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रसरत्नसमुच्चय हा साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानतात. त्यांत 'फटकी' हें देशी वळणाचें नांव तुवरीचा एक भेद म्हणून येतें. भावप्रकाशांत स्फटिका स्वतंत्र होऊन पुढें बसते व सौराष्ट्री तिच्या मागें जाते. या दोन ग्रंथांच्या मधल्या काळांत बाजारांत मातीची जागा खड्यानें घेतली असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

(४) सौराष्ट्र, कच्छ व तुरटीची भट्टी

येथें शंका निघेल कीं सौराष्ट्रांतील माती म्हणजे गोपीचंदन कां नव्हे? द्वारकेजवळील गोपीतलावाची ती पिवळसर माती प्रसिद्ध आहे, आणि 'सौराष्ट्री मृत्तिका' या शब्दांचा अर्थ कित्येक तसा करितातहि. परंतु गोपीचंदन पाण्यांत कालवतां येतें, विरघळत नाहीं. तें आंबट नाहीं, तापविलें असतां फुलत नाहीं, आणि मंजिष्ठेचा रंग बांधण्याची शक्ति त्यांत नाहीं. ग्रंथोक्त लक्षणें एकामागून एक लावीत गेलें असतां गोपीचंदन गळून पडतें.

तुरटीच्या मातीचा पत्ता सौराष्ट्राच्या उत्तरेस, खाडीपलीकडे, कच्छांत लागतो. कच्छांतील माताना मढ या ठिकाणीं गंधक व लोह यांनीं युक्त अशा काळसर पाटीच्या दगडापासून तुरटी काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकांत चालू होता. सिंधुनदीच्या कांठीं कालाबाग येथें, जें आतां पाकिस्तानांत आहे, तसाच मोठा धंदा होता. जॉर्ज वॅट यांनीं १८८९ ते १८९३ या काळांत प्रसिद्ध केलेल्या हिंदी उत्पन्नांच्या कोशांत या धंद्यांची माहिती आहे. पद्धतींत ठिकाणपरत्वें फरक असे, पण तत्त्व एकच. दगड खणून उघड्या हवेंत महिनेच्या महिने ढीग करून ठेवावयाचा अथवा भाजावयाचा. त्यांतील गंधकाचें हळूहळू आम्ल होऊन तें मातींतील ॲल्युमिनियमशीं संयोग पावतें. मग ती माती पाण्यानें धुऊन तें पाणी आटवावयाचें. त्यांत राखेचा किंवा तत्सम क्षार घालावयाचा. आणि निववून खडे पाडावयाचे.

राखेचा क्षार कां लागतो हें युरोपांत १७९७ सालीं शाप्ताल व व्होक्लें यांनीं स्पष्ट केलें: तुरटींत ॲल्युमिनियमबरोबर पोटॅशियमहि असल्यावांचून खडा बनत नाहीं. आजच्या रसायनशास्त्राप्रमाणें ती ॲल्युमिनियम व पोटॅशियम यांचें संयुक्त गंधकित असून तिच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे १२ रेणू असतात. वजनानें पाहिलें तर खड्याचा शेंकडा ४५ हून अधिक भाग नुसतें पाणीच होय. तुरटी तव्यावर फुलते ती हें पाणी निघून जातें म्हणून. जुन्या कृतींत वजन दिलेलें असतां तें फुलविण्यापूर्वींचें कीं नंतरचें हें पाहिलें पाहिजे, नाहींतर द्रव्य जवळजवळ दुप्पट पडेल.

माल कच्छचा असतां नांव सौराष्ट्राचें कां, याचें उत्तर व्यापाराच्या रीतींत आहे. माल जेथें पिकतो त्यापेक्षां जेथून येतो त्या ठिकाणाचें नांव त्यास लागतें. अरब लोक उत्तम तुरटीस 'शब यमानी', म्हणजे येमेनची तुरटी, म्हणत. आपल्याकडे मॉरिशसहून आलेली साखर 'मोरस' झाली व पुढें पांढऱ्या साखरेचेंच तें नांव होऊन बसलें. सौराष्ट्राच्या बंदरांवरून देशभर गेलेल्या मातीस 'सौराष्ट्री' म्हणणें याच जातीचें आहे. हें शेवटचें माझें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. परंतु कच्छांतील खत्री लोक आजहि अजरखाचें कापड तुरटी लावून रंगवितात, त्यावरून त्या भागांत माती, तुरटी व रंगकाम हीं तिन्हीं जवळजवळ नांदलीं एवढें तरी निश्चित आहे.

(५) एकच कार्य: बांधणें

रसग्रंथांनीं तुवरीचीं दोन कार्यें सांगितलीं: वस्त्रावर रंग बांधणें व अंगावरील व्रण आवळणें. वरवर पाहतां यांत कांहीं संबंध दिसत नाहीं. पण आजच्या ज्ञानानें पाहिलें तर दोन्हीं ठिकाणीं कर्ता एकच, तो म्हणजे ॲल्युमिनियमचा अंश. कापडांत तो एका बाजूनें तंतूस व दुसऱ्या बाजूनें मंजिष्ठेच्या रंगद्रव्यास धरतो, व त्यामुळें धुतां रंग जात नाहीं. त्वचेवर तो वरच्या थरांतील प्रथिनांस गोठवितो, बारीक रक्तवाहिन्यांचीं तोंडें आवळतात, स्राव थांबतो, घाम कमी होतो, आणि आम्लपणामुळें दुर्गंधि उत्पन्न करणारे सूक्ष्म जंतु वाढत नाहींत. संस्कृत वैद्यांनीं कषाय रसाचें कार्य स्तंभन व रोपण असें सांगितलें तें याच अनुभवावरून. तुवर ही चव, व्रण आवळणें हा गुण, व रंग बांधणें हें कर्म, हीं एकाच शक्तीचीं तीन रूपें होत.

हा अनुभव फार जुना आहे. मोहेंजोदारो येथें चांदीच्या भांड्यास चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सांपडला. त्यावरील रंग मंजिष्ठेच्या जातीचा असल्याचें सर जॉन मार्शल यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नमूद आहे. सुतावर हा रंग बांधण्यास तुरटीसारखें द्रव्य लागतें. तेव्हां साडेचार हजार वर्षांपूर्वीं सिंधूच्या कांठीं हें द्रव्य ठाऊक होतें असें म्हणण्यास जागा आहे. रोममधील प्लिनी, जो इ. स. ७९ मध्यें वारला, त्यानें आपल्या सृष्टिवर्णनाच्या पस्तिसाव्या पुस्तकांत तुरटीस पृथ्वींतून पाझरणारा एक क्षार म्हटलें आहे, आणि लोकर रंगविण्याबरोबरच काखेंतील घाम व दुर्गंधि यांवर तिचा उपयोग सांगितला आहे. आपल्या गांवचा न्हावी दाढी झाल्यावर गालावर ओला खडा फिरवीत असे तोहि याच परंपरेंतला, आणि आज शहरांतील दुकानांत सुबक वेष्टनांत घामाच्या वासावर जो पारदर्शक खडा विकतात तोहि तोच.

माझ्या बाडांतील लेपाचें रहस्य यावरून उलगडतें. पुटकुळ्या व वाहता व्रण यांवर तूरडाळीचें पीठ लावून कांहीं साधणार नाहीं. उलट ओलसर पिठानें व्रण चिघळण्याचा संभव. तुरटीचें फुलविलेलें चूर्ण पाण्यांत विरघळवून लावणें ही मात्र सर्वथा सयुक्तिक कृति आहे. माझ्या टीपेवर विश्वासून कोणी तो लेप केला असल्यास त्याचा दोष मूळ ग्रंथकाराचा नाहीं, माझा आहे.

(६) पोथ्या बाळगणारांस दोन शब्द

तुरटीचा पोथ्यांशीं आणखी एक संबंध आहे, व तो दुर्दैवानें घाताचा आहे. आपला जुन्नरी, दौलताबादी वगैरे हातकागद खळ लावून व घोटून तयार करीत. तो शेंकडों वर्षें टिकतो हें आपण रोज पाहतों. जर्मनींत इलिग यानें १८०७ सालीं कागदाच्या रांध्यांतच राळ व तुरटी मिसळण्याची युक्ति प्रसिद्ध केली व ती पुढें गिरण्यांत सर्वत्र रूढ झाली. गिरण्यांतील या 'तुरटीं'त बहुधा पोटॅशियम नसतें, पण आम्लपणा तोच. त्या आम्लानें कागदाचे तंतु आंतून तुटतात. पान प्रथम पिवळें, मग तपकिरी, आणि शेवटीं हात लावतांच तुकडे. अमेरिकेंत विल्यम बॅरो यांनीं १९५० नंतरच्या दशकांत या नाशाचें कारण प्रयोगांनीं दाखवून दिलें. म्हणूनच पेशवाईंतील रुमालांतला कागद आज उलगडतां येतो, आणि त्यावरून शंभर वर्षांपूर्वीं गिरणीच्या कागदावर केलेली नक्कल उलगडतां येत नाहीं.

बांधणी करणारे कारागीर खळ आंबूं नये व तिला कीड लागूं नये म्हणून तींत तुरटी किंवा मोरचूद घालतात. हेतु चांगला, पण परिणाम वाईट. ज्या खळीनें फाटलेलें पान जोडलें तीच पुढें जोडाच्या दोन्हीं बाजूंस पान खाते. पोथी दुरुस्तीस देतांना खळ साधी, ताजी व तुरटीवांचून करावयास सांगावें. जें द्रव्य त्वचेवरील व्रण भरून आणतें तें कागदाचा व्रण वाढवितें.

उपसंहार

वरील विवेचनावरून हस्तलिखित वाचणारांसाठीं एक साधा नियम निघतो. आढकी, तुवरी किंवा तुवरिका हा शब्द आहार, यूष, धान्य यांच्या संदर्भांत आला तर तूर समजावी. गैरिक, कासीस, हरताळ यांच्या पंक्तींत, रंगकामांत, अथवा व्रण, श्वित्र, मुखलेप, दंतमंजन अशा ठिकाणीं आला तर तुरटी किंवा तिची माती समजावी. 'फुलवावी', 'विरघळवावी' अशीं क्रियापदें जोडीस असतील तर संशयास जागाच उरत नाहीं.

दुसरा नियम माझ्या स्वतःच्या अनुभवाचा आहे. नकलेच्या समासांत टीप लिहिणाऱ्यानें ती आपली आहे हें दर्शविणारी खूण व तारीख अवश्य घालावी. समास व मजकूर यांतील रेघ फार बारीक असते. पुढचा लेखक ती सहज ओलांडतो. ज्या कोणाच्या संग्रहीं व्रणलेपाच्या कृतींत 'तुवरी म्हणजे तूरडाळ' हे शब्द असलेली वैद्यक नक्कल असेल, त्यांनीं ते शब्द मूळचे न समजतां माझ्या टीपेचे समजावे, आणि त्यांच्या शेजारीं, निराळ्या शाईनें, 'येथें तुरटी' असें लिहावें, एवढी विनंति आहे.